चाळीच्या जागी राहणार कोण?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघालो. सीएसएमटीला उतरलो आणि सवयीने बसच्या रांगेकडे वळणार तोच आठवले, की आता भुयारी मेट्रो झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि काळबादेवी, गिरगाव ही नावे स्थानकांच्या पाट्यांवर आली. तिकीट काढले. पहिले स्थानक काळबादेवी, दुसरे गिरगाव. बूड टेकले न टेकले तोच उतरायची वेळ झाली. सरकत्या जिन्यांवरून वर रस्त्यावर आलो आणि, सांगायला लाज वाटते, पण ठाकूरद्वार कुठल्या हाताला हे क्षणभर कळेना. आयुष्याची पहिली बत्तीस वर्षे जिथे काढली, तिथे एका फुलवाल्याला रस्ता विचारायची पाळी आली. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "नवीन आलात का इकडे?"

गाडीत माझ्यासमोर दोन तरुण बसले होते. गळ्यात कचेरीच्या ओळखपत्रांची पट्टी, रविवार असूनही. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, "लोकेशन बघ ना. खाली मेट्रो, समोर चौपाटी, कोस्टल रोडचा बोगदा तिथेच निघतो. दहा वर्षांत इथे साधा माणूस दिसायचा नाही." साधा माणूस समोरच बसला होता, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत भावासाठी घेतलेली अळूची जुडी. पण त्याचे म्हणणे मला खोडून काढता येईना. कारण मी ज्या कामासाठी चाललो होतो, ते काम त्याच प्रश्नाशी बांधलेले होते.

आमच्या चाळीत सभा होती. चाळ १९४० पूर्वीची. माझ्या आजोबांनी १९३४ साली तिथे दोन खोल्यांचे बिऱ्हाड घेतले. आज त्याच खोल्यांत माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा राहतात. गेल्या पावसाळ्यापासून मागच्या जिन्याला लाकडी टेकू लावलेले आहेत आणि मुलांना त्या जिन्याने जायला बंदी आहे. शेजारच्या दोन चाळी आणि आमची, अशा तिघींची मिळून एक योजना एका बिल्डरने आणली आहे. तिच्या संमतिपत्रांवर सह्या व्हायच्या होत्या. भावाने फोन करून सांगितले होते, "दादा, तू ये. सही माझी असली तरी तू असलास की बरे."

सभेत जे बोलले गेले ते पुढे सांगेनच. आधी त्या तरुणाच्या वाक्याचा विचार करू. गिरगाव खरोखरच श्रीमंतांचे होणार आहे का? आणि होणार असेल तर ते कोण करणार आहे?

या प्रक्रियेला इंग्रजीत एक नाव आहे, जेन्ट्रिफिकेशन. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनचा अभ्यास करताना १९६४ साली ते प्रथम वापरले. 'जेन्ट्री' म्हणजे गावातली खानदानी, जमीनजुमला असलेली मंडळी. इस्लिंग्टन, नॉटिंग हिल अशा कामगारवस्तीच्या भागांत सुस्थितीतली मध्यमवर्गीय कुटुंबे येऊ लागली, पडीक घरे घेऊन ती रंगवून-डागडुजी करून राहू लागली. पाहता पाहता भाव चढले आणि मूळचे कामगार बाहेर फेकले गेले, असे त्यांचे निरीक्षण होते. याच्या मागे एक साधे कारणही होते. इंग्लंडमध्ये १९५७ च्या कायद्याने भाडेनियंत्रण बरेच सैल झाले होते. भाडेकरू गेला की मालकाला घर विकायला किंवा हव्या त्या भाड्याने द्यायला मोकळीक मिळाली.

आमच्याकडे नेमके उलटे झाले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत माणसे रस्त्यावर येऊ नयेत हा हेतू चांगलाच होता, आणि माझ्या आजोबांसारख्या पेढीवरच्या कारकुनाला त्या कायद्यानेच तारले. पण टंचाई संपली नाही आणि कायदाही हलला नाही. पन्नास वर्षांनी, १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की असे कायमचे गोठवलेले भाडे आता न्याय्य म्हणता येणार नाही. मग १९९९ चा नवा कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीलाही कायद्याच्या चौकटीत घेतले. पण चार टक्के कशावर? माझ्या भावाच्या भाडेपावतीवर आज जो आकडा आहे, त्यात आमच्या दोन खोल्यांचे महिन्याचे भाडे निघते आणि ठाकूरद्वारच्या हॉटेलात चौघांचा नाश्ता मात्र निघत नाही.

अशा भाड्यात मालक भिंतीला गिलावा कशाला करील? आमचे मालक वाईट नव्हते. दर महिन्याला त्यांचा मेहता यायचा, पायरीवर बसून पावत्या फाडायचा आणि गॅलरीचा कठडा हलतो अशी तक्रार केली की कठड्याकडे पाहून हसायचा. दुरुस्तीचे ओझे शेवटी सरकारवर आले. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि शहरात अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. मंडळाने टेकू दिले, तुळया बदलल्या, कुठे पुन्हा बांधूनही दिले; पण काळ जास्त वेगाने काम करत होता.

नील स्मिथ नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९७९ साली एक विचार मांडला. जमीन आज जे उत्पन्न देते आणि तिच्यावर दुसरे काही उभे केले तर जे देऊ शकेल, या दोहोंतली दरी वाढत गेली की भांडवल तिकडे धावते. त्याने अमेरिकेतली शहरे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले. पण त्या दरीचा नमुना पाहायचा असेल तर गिरगावात यावे. खाली शे-दोनशे रुपयांच्या पावत्या, वर कोटींतले भाव. एवढी दरी असताना इथे वीस-तीस वर्षांपूर्वीच सगळे उलटेपालटे व्हायला हवे होते. मग झाले का नाही?

याचे उत्तर तोच कायदा. इस्लिंग्टनमध्ये जसे कुणी हौशी जोडपे येऊन जुने घर घेते, तसे गिरगावात घेताच येत नाही. कारण विकायला घर मोकळे नाही. जमीन मालकाची, खोली भाडेकरूची आणि भिंत दोघांचीही नाही. याला अपवाद खोताच्या वाडीचा. तिथली पोर्तुगीज वळणाची लाकडी घरे ही राहणाऱ्यांच्या मालकीची. पूर्वी अशी पासष्टच्या आसपास घरे होती, आता ती तिसाच्या आत आली आहेत. जी उरली त्यांतल्या एकात कलादालन सुरू झाले आहे, सकाळी कॅमेरे घेऊन मंडळी येतात, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून फोटो काढून घेतात. लंडनचा नमुना गिरगावात पाहायचा तर तो एवढ्या एका गल्लीपुरता. बाकीच्या वाड्यांत घर रंगवून श्रीमंती येणार नाही. तिथे ती घर पाडूनच येणार.

आणि पाडायला काही आडकाठी नसावी, अशीच नियमांची रचना होत गेली आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र मिळते. सध्याच्या नियमावलीत प्रत्येक जुन्या भाडेकरूला निदान तीनशे चौरस फुटांचे घर मालकी हक्काने आणि फुकट द्यावे लागते. उरलेले बांधकाम बिल्डरने विकून आपला खर्च आणि नफा काढायचा. पूर्वी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे, ती आता एक्कावन्न टक्क्यांवर आली आहे. तेव्हा कागदावर पाहिले तर आमची गोष्ट लंडनपेक्षा कितीतरी भली. तिथे कामगार हाकलला गेला. इथे भाडेकरू मालक होतो, आणि तोही त्याच जागी.

मला या योजनेविरुद्ध बोलायचे नाही, हे आधीच सांगतो. चाळीच्या आठवणींवर हळवे होऊन लिहिणारे बहुतेक जण चाळीत राहत नाहीत. मीही त्यातलाच. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसे गेली. गिरगावपासून ती जागा पायी जाण्याइतकी जवळ. त्या दिवशी माझ्या भावजयीने मुलाला रात्री मागच्या खोलीत झोपू दिले नाही. ऐंशीच्या पुढे गेलेल्या आमच्या शेजारच्या काकू पहाटे अंधारात गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत भिंत धरत जातात. ही काही संस्कृती नव्हे. माणसाला घरात नळ आणि संडास हवा, आणि डोक्यावर न पडणारे छप्पर हवे. सही करावी, असेच मी सभेत म्हणालो.

पण सह्या झाल्यावर काय होते, तेही पाहायला हवे. सभेच्या आधी थोडा वेळ होता म्हणून मी मागच्या गल्लीत गेलो. तिथली चाळ काही वर्षांपूर्वी पाडली, तिच्या जागी उंच इमारत उभी आहे. खालचे कितीतरी मजले नुसत्या गाड्यांसाठी, त्यावर घरे. ती चाळ माझ्या शाळासोबत्यांची. बाजूच्या दाराने आत गेलो. (जुन्या भाडेकरूंचे दार बाजूला आणि विकत घेणाऱ्यांचे समोर, ही व्यवस्था बऱ्याच ठिकाणी दिसते. कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना दिसते.) लिफ्टशेजारी नावांची पाटी होती, ती खालपासून वरपर्यंत वाचली. जुन्या भाडेकरूंच्या भागाचीच पाटी ती. तरी निम्म्याहून अधिक नावे मला अनोळखी होती. यांना कोणी हाकलले नव्हते. घर मिळाले, काही वर्षे राहिले आणि मग विकून गेले. कोणी विरारला, कोणी बदलापूरला, कोणी पुण्याला मुलाकडे.

का गेले? सरसकट 'मराठी माणसाला जागा सांभाळता येत नाही' असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरे नाही. कारणे साधी आणि घरगुती आहेत.

पहिले कारण दर महिन्याला दारात येते. चाळीत महिन्याचे भाडे आणि सामायिक दिव्याची वर्गणी दिली की काम भागत असे. नव्या इमारतीत लिफ्ट आली, पंप आले, पहारेकरी आला, आग विझवायची यंत्रणा आली, गाड्या वरखाली करणारे यंत्र आले. या सगळ्याचा देखभाल खर्च घराच्या मालकाने द्यायचा, मग त्याच्याकडे गाडी असो वा नसो. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला, हा दिलासा खरा. पण लिफ्टला माफी नाही. बिल्डर सुरुवातीला एक ठेव देतो, तिच्या व्याजातून काही वर्षे खर्च भागतो. व्याजाचे दर उतरले की वर्गणी चढते. निवृत्त माणसाच्या पेन्शनीतून, किंवा माझ्या भावासारख्या छापखान्यातल्या नोकरीतून, महिन्याला हजारोंनी रक्कम जाऊ लागली की माणूस हिशेब करतो. आपण कोटींच्या घरात बसलो आहोत आणि भाजी मात्र पावशेर घेतो आहोत, हे त्याच्या ध्यानात येते. मग एक दिवस एजंटाचा फोन येतो, आणि त्या दिवशी तो फोन पुरा ऐकून घेतला जातो.

दुसरे कारण सांगताना मला थोडे अडखळायला होते, कारण ते माझ्याच घरातले आहे.

भाड्याची खोली ही वाटता येत नाही. जो तिथे राहतो, पावती त्याच्या नावावर होते. आमच्या आई-वडिलांच्या पश्चात पावती धाकट्याच्या नावावर गेली, कारण शेवटपर्यंत त्यांच्यापाशी तोच राहिला. मी १९८७ सालीच डोंबिवलीला जागा घेतली होती, बहीण लग्न होऊन पुण्याला गेली होती. आम्हा तिघांत या विषयावर कधी शब्दही निघाला नाही. निघायचे कारणच नव्हते. गळक्या दोन खोल्या, त्यांत कोण कशाचा हिस्सा मागणार? उलट, 'तो बिचारा अजून तिथेच आहे' असे आम्ही म्हणायचो.

आता त्याच दोन खोल्यांचे मालकीचे घर होणार म्हटल्यावर त्यांची किंमत झाली. योजनेची बातमी कळली त्या रात्री जेवताना माझ्या मुलाने अगदी सहज विचारले, "बाबा, मग त्यात आपला किती?" मुलगा लोभी नाही. त्याच्या डोक्यावर ठाण्यातल्या घराचे वीस वर्षांचे कर्ज आहे आणि त्याला दोन मुले आहेत. त्याने विचारले ते मी मनात आधीच विचारले होते, एवढाच काय तो फरक. अशा घरात आमचा हिस्सा निघतो की नाही यावर दोन वकिलांची तीन मते मिळतील. पण मी हिस्सा मागितला तर भाऊ तो देणार कुठून? त्याच्याकडे देण्यासारखे एकच आहे, ते घर. ते विकावे लागेल. घेणारा गिरगावातला नसेल, कारण तो भाव देणारा गिरगावात कोणी उरलेला नाही. भाऊ मग नालासोपाऱ्यात जागा घेईल, आणि पुढे कोणी मागच्या गल्लीत उभा राहून पाटी वाचील तेव्हा आणखी एक नाव त्याला अनोळखी वाटेल.

म्हणून गाडीतल्या त्या तरुणाला माझे उत्तर असे आहे, की हो, साधा माणूस इथून जाईल. पण त्याला घालवायला बाहेरून कुणी येणार नाही. बिल्डर इमारत बांधील. तिच्यातून माणसे हलवण्याचे काम मी, माझी बहीण आणि आमच्यासारखी हजारो बाहेर गेलेली भावंडे करणार आहोत, आणि आमची भाषा प्रेमाचीच असेल. परप्रांतीयांनी गिरगाव घेतले अशी ओरड चाळीच्या सभांतून मी चाळीस वर्षे ऐकतो आहे. मांसमच्छी शिजवणाऱ्याला घर न देण्याचे प्रकार मुंबईत घडतात आणि ते निषेधार्हच आहेत, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण घेणाऱ्याला घर विकले कुणी, हा प्रश्न त्या ओरडीत कधी ऐकू आला नाही.

अर्थात सगळे गिरगाव एका रंगाचे होईल असेही मला वाटत नाही. गिरणगावाची गोष्ट निराळी होती. तिथे १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, त्यांच्या जमिनींचा १९९१ चा नियम २००१ मध्ये बदलला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मैदानाएवढे सलग तुकडे एकेका मालकाच्या हाती होते, त्यामुळे मॉल आणि मनोरे पाहता पाहता उभे राहिले. गिरगावात सलग असे काहीच नाही. झावबावाडी, फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट, प्रत्येकीचा आकार वेडावाकडा. एका चाळीचा मालक ट्रस्ट, दुसरीचे मालक सतरा चुलत भाऊ, तिसरी कोर्टात. रस्ते असे, की अग्निशमन दलाचा बंब वळताना दुकानांचे पत्रे निघतात. ज्याच्याकडे खरोखरीचा पैसा आहे त्याला वरळीला समुद्र आणि गाडी उभी करायला जागा मिळते. तो मुगभाटात कशाला येईल? शिवाय इथला मोठा धंदाही हलला आहे. ऑपेरा हाउसचा हिरेबाजार २०१० पासून वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. मेट्रो झाली म्हणून माणसे इकडे येतील हे खरे, पण त्याच मेट्रोने इथला माणूस अर्ध्या तासात संकुलातल्या नोकरीवर पोहोचतो, तेव्हा तिचा उपयोग जुन्या रहिवाशाच्या मुलालाही आहे.

म्हणजे होईल ते तुकड्यातुकड्याने होईल. एक मनोरा, त्याला लागून टेकूवरची चाळ, मग अर्धवट राहिलेला सांगाडा, त्यापुढे मंगल कार्यालय, असेच ते पुढची वीसेक वर्षे दिसेल. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सुरू झालेला गणपती बसत राहील, पाडव्याच्या शोभायात्रेला नऊवारीतल्या मोटारसायकलस्वार मुली येत राहतील. फक्त त्यांतल्या कितीतरी जणी त्या सकाळी बोरिवलीहून आणि कल्याणहून आलेल्या असतील. आजही असतात.

भेंडी बाजारात एक वेगळा प्रयोग चालू आहे. २००९ साली स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने साडेसोळा एकरांतल्या अडीचशेच्या आसपास इमारती आणि तीन हजारांवर कुटुंबे एकत्र धरून पुनर्बांधणी काढली. तिच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती रेंगाळलीही. पण एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. तिथे घराबरोबर खालचे दुकान, त्याचे गिऱ्हाईक आणि शेजार यांचाही विचार एकदम झाला. आमच्याकडे एक एक चाळ एकेका बिल्डरच्या हाती जाते. त्यात बिऱ्हाडांचे चौरस फूट मोजले जातात, पण जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याचे, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचे आणि वाडीच्या व्यायामशाळेचे काय, हे विचारायला कुणी नसते. इस्त्रीवाला पावती दाखवू शकत नाही. तो जातो, आणि त्याच्या पाठोपाठ स्वस्तात जगण्याची सोय जाते. मग तेच घर परवडेनासे होते.

सभेत मी हेच बोललो. बिल्डरचा माणूस नकाशे घेऊन आला होता. घर तीनशेऐवजी तीनशे पन्नास फूट मिळावे यावर दीड तास हुज्जत झाली. मी म्हणालो, पन्नास फुटांसाठी भांडता तेवढे देखभालीच्या ठेवीसाठी भांडा. ती ठेव पंधरा-वीस वर्षांचा खर्च निघेल एवढी हवी आणि सोसायटीच्या नावावर हवी. गाड्यांच्या यंत्राचा खर्च ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनीच द्यायचा, हे करारात लिहून घ्या. तळमजल्यावर गिरणीला आणि इस्त्रीवाल्याला गाळा ठेवा. दार एकच हवे. आणि ज्यांना पुढे विकायचे असेल त्यांनी आधी इमारतीतल्याच दुसऱ्या जुन्या कुटुंबाला विचारायचे, एवढा तरी ठराव करा. कायद्याने तो टिकला नाही तरी शेजाऱ्याला तोंड दाखवायला लाज वाटेल इतपत तो टिकेल.

खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, "तुम्ही डोंबिवलीला जाऊन आम्हाला विकू नका सांगताय होय?" सगळे हसले. मीही हसलो, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. ज्याने गिरगाव आधी सोडले त्याने मागे राहिलेल्यांना तिथेच राहण्याचा आग्रह करणे यात थोडा ढोंगीपणा आहेच. त्यांना घर विकून मुलीचे शिक्षण करायचे असेल, म्हातारपणाला चार पैसे बाजूला ठेवायचे असतील, तर तो त्यांचा हक्क आहे. आयुष्यभर टेकूंखाली राहिल्याची ती भरपाई समजा. मला एवढेच वाटते, की विकायचे ते मनात आले म्हणून विकावे. लिफ्टच्या बिलामुळे आणि भावाबहिणीच्या हिश्शामुळे विकण्याची पाळी येऊ नये. यातले बिल सोसायटीच्या हाती आहे. हिस्सा माझ्या हाती आहे.

ठेवीचा मुद्दा मांडून घेतला गेला. दाराचा मुद्दा बिल्डरच्या माणसाने 'नकाशा बघून सांगतो' म्हणून पुढे ढकलला. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी एकच विचारले, "लिफ्ट बंद पडली आणि मी आत अडकले, तर हाक कुणाला मारायची?" बिल्डरचा माणूस म्हणाला, आत घंटा असते. काकूंचे काही समाधान झालेले दिसले नाही. पण त्यांनी सही केली. भावानेही केली.

दुपारी जेवताना मी भावाला सांगून टाकले, की घर झाल्यावर मी हक्कसोडपत्र करून देणार आहे, माझ्या मुलाशी मी बोललो आहे. खरे तर तेव्हा बोललो नव्हतो; परत जाताना गाडीतून फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तुम्ही ठरवलंत ना? मग झालं." त्याचे ते गप्प राहणे मला अजून ऐकू येते. भाऊ ताटात बघत म्हणाला, "ताईला काय वाटेल?" आमची बहीण आमच्या दोघांच्या मधली. तिचे यजमान दोन वर्षे अंथरुणाला खिळले आहेत, घर भाड्याचे आहे. मी डोंबिवलीतल्या माझ्या मालकीच्या घरातून मोठेपणा दाखवू शकतो, तिला तो परवडणारा नाही. आणि तिने हिस्सा मागितला तर तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. सह्या झाल्याचे सांगितले, माझे ठरल्याचे सांगितले, तुझे तू ठरव, घाई नाही, असेही म्हणालो. ती म्हणाली, "बघते दादा, यांच्याशी बोलते." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "नव्या घराला गॅलरी असणार आहे का रे?"

नकाशा माझ्याजवळ होता. चष्मा लावून पुन्हा पाहिला. तीनशे फुटांत खोल्या होत्या, मोरी होती, संडास होता, खिडक्या होत्या. गॅलरी नव्हती. मी तिला तसे सांगितले.